जिभेला जागा

आजोबांचं तोंड मी एका शिंप्याला देऊन टाकलं. वरचा जबडा, खालचा जबडा, दोन्हींमधलं अंतर, सगळं सगळं. हे मी मुद्दाम केलं असतं तर आज घरात मला हुशार म्हणाले असते. पण ते झालं पॉलिशपेपरमुळे.

आमचा कवळ्या बनवायचा व्यवसाय आहे. आमचा म्हणजे मामाचा. मी मानसशास्त्रात बी.ए. झालो, आणि त्याचं पुढे काय करायचं हे कोणालाच सांगता येईना, म्हणून आईनं मला तिच्या भावाकडे पाठवून दिलं. दातांच्या डॉक्टरीणबाई माणसाच्या हिरड्यांचं माप घेतात. त्या मापात आम्ही प्लॅस्टर ओततो, की माणसाचे दोन पांढरे जबडे तयार. हे जबडे एका लोखंडी बिजागरीवर बसवायचे, म्हणजे तोंडासारखी उघडझाप होते. मग त्यावर मेण थापून मेणात एकेक दात लावायचा. ही मेणाची कवळी आधी माणसाच्या तोंडात घालून बघतात. जमली तर मेणाच्या जागी पक्की गुलाबी कवळी करायची, नाही जमली तर मेण आहेच, पुन्हा वितळवा. जबडे बिजागरीवर बसवणं माझ्याकडे, दात लावणं मामाकडे.

त्या दिवशी माझ्या पुढ्यात दोन बोळकी होती. बिजागरीवर बसवून झाल्यावर मी बुडाच्या प्लॅस्टरवर पेन्सिलीनं एकावर 'आबा' आणि दुसऱ्यावर 'शिंपी' असं लिहिलं. मग कडा खरखरीत लागल्या म्हणून पॉलिशपेपर मारला. त्यात नावंही गेली. मी ती पुन्हा लिहिली. लिहिताना अक्षर नीट यावं याकडे माझं इतकं लक्ष होतं की कोणतं कुठे, हे बघायचं राहून गेलं.

'आबा' म्हणजे माझे आजोबा, आईचे आणि मामाचे वडील. 'शिंपी' म्हणजे दवाखान्याच्या समोरच्या गल्लीतले सदरे शिवणारे एक म्हातारे. शिंप्याला कवळी उशिरा मिळाली असती तरी जग थांबणार नव्हतं. आजोबांचं तसं नव्हतं. ते वाळत चालले होते. आईनं फोनवर मामाला स्पष्ट सांगितलं होतं, "बाळ, या वेळी कवळी बसली तर ठीक. नाहीतर मी रविवारी येऊन आबांना माझ्याकडे घेऊन जाणार. तू सगळ्या गावाला दात देतोस आणि आपल्या बापाला दुधात पाव बुडवून घालतोस, हे मला बघवत नाही."

मामा म्हणाला, "हं."

मामाचं बोलणं हे एवढंच. त्याच्या शब्दकोशात तीन शब्द: 'हं', 'बघू' आणि 'असू दे'. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. नाकातोंडावर कायम कापडी मुखपट्टी. कामात प्लॅस्टरची धूळ उडते म्हणून ती लावायची असते. पण मामा ती बाजारात जातानाही लावायचा, आणि चहा पिताना बोटभर खाली ओढून पुन्हा वर करायचा. त्याचं लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलीकडचे म्हणाले, मुलाला मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे. मामा "हं" म्हणाला, आणि तिच्या दातांकडे बघत बसला. ते लोक चहा संपवून उठले. आई म्हणते, मुलगी चांगली होती. मामा म्हणतो, "समोरचे दोन किंचित पुढे होते."

माणसं त्याला चेहऱ्यानं आठवत नाहीत, तोंडानं आठवतात. रस्त्यानं जाताना कोणी हसून नमस्कार केला की मामा आधी तोंडात बघणार, मग मला हळूच सांगणार, "याची डावीकडची जरा उंच झाली होती. असू दे. सवय झालेली दिसते." आणि त्याचं काम खरोखर चोख होतं. डॉक्टरीणबाई दुसरीकडे कुठे काम देतच नव्हत्या. त्या त्याला 'भाऊ' म्हणायच्या, आणि त्याची कवळी पहिल्या खेपेला बसणार हे धरूनच चालायच्या.

फक्त आजोबांची बसत नव्हती. एक केली, दुसरी केली, तिसरी, चौथी. चारही बिस्किटांच्या जुन्या डब्यात पडून होत्या. दर वेळी तेच. आजोबा कवळी घालायचे, तोंडातल्या तोंडात काहीतरी चाचपायचे, काढून मामाच्या हातात द्यायचे आणि बोटानं जीभ दाखवायचे.

"भाऊ, तुमच्या हातून असं कधी होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

"बघू," मामा म्हणाला होता.

आमच्या कॉलेजात मानसशास्त्राला एकच सर होते. ते म्हणायचे, कामात कधीही न चुकणारा माणूस एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा चुकू लागला तर ती चूक समजू नका, ती इच्छा आहे. फक्त ती त्याच्या अबोध मनात राहते आणि त्यालाही ओळख दाखवत नाही. सर आम्हाला हे शिकवत होते तेव्हा सलग तिसऱ्या दिवशी ते हजेरीपट घरी विसरून आले होते. त्यामुळे मुलं हसली आणि मला ते वाक्य लक्षात राहिलं.

आता मामाची इच्छा कोणती असेल, हे समजायला आजोबा माहीत हवेत.

आजोबा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. ओट्यावर उभं राहून माल दाखवायचा, बोली चढवत न्यायची, 'एक वार, दोन वार' करत टाळी वाजवायची. बाजारात त्यांना भोंगा म्हणत. हा भोंगा संध्याकाळी घरी येऊनही बंद व्हायचा नाही. मीठ मागायचं तरी ते आख्ख्या आळीला ऐकू जायचं. आईचा स्वभाव त्यांच्यावर गेला, त्यामुळे तिचं बरं चाललं; ती उलट ओरडायची. मामाला ते जमलं नाही. त्याला आजोबा 'मुक्या' म्हणत.

मामा सात-आठ वर्षांचा असताना आजोबांनी त्याचा लिलाव केला. ही गोष्ट मला आईनं सांगितली, ती तिथे होती. त्या दिवशी माल कमी होता, माणसं रिकामी उभी होती. आजोबांना मजा सुचली. त्यांनी मामाला उचलून एका उपड्या खोक्यावर उभं केलं. "हा बघा! घरचा माल आहे. आवाज करत नाही, खातो कमी, ठेवाल तिथे राहतो. बोला, बोला!" लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "पालकाची एक जुडी!" आजोबा रंगात आले. "पालकाची एक जुडी, एक वार! अरे, निदान दोन तरी बोला! एक जुडी, दोन वार!" एवढ्यात टोमॅटोची गाडी आली आणि सगळे तिकडे धावले. आजोबाही गेले. मामा खोक्यावर तसाच उभा. उतरावं की नाही, हे त्याला कळेना; कारण तिसरा वार झालाच नव्हता. शेवटी एकाला ते खोकं हवं होतं, त्यानं मामाला उचलून बाजूला ठेवलं.

आई म्हणते, त्यात एवढं काय, बाजारात चालायचंच. मीही आधी तेच म्हणायचो.

पुढे आजोबांचे दात पडले. उरलेले डॉक्टरीणबाईंनी काढले. आणि भोंग्यातली हवा गेली. ओठ आत गेले, शब्दांच्या कडा झिजल्या, बोलणं म्हणजे नुसती फसफस. घर शांत झालं. मी याच शांततेत तिथे राहायला आलो, त्यामुळे मला वाटलं की या घराची रीतच मऊ आहे. मामा सकाळी बटाटे उकडून कुस्करायचा, चमच्यानं आजोबांना भरवायचा, हनुवटीला लागलेलं पुसायचा. प्रेमानं करायचा, त्यात खोट नव्हती. मी रोज समोर बसून बघत होतो.

आजोबा काय बोलतात हे फक्त मामाला कळायचं. आजोबा खिडकीकडे हात करून बराच वेळ काहीबाही बोलत राहायचे. मान हलायची, बोटं नाचायची.

"काय म्हणतात?" मी विचारायचो.

"चहा," मामा सांगायचा.

"एवढं सगळं म्हणजे चहा?"

"साखर कमी."

मग चहा यायचा. आजोबा मामाकडे बघायचे, चहाकडे बघायचे, आणि प्यायचे.

आता सरांचं वाक्य इथे लावून बघा. ज्या तोंडानं आयुष्यभर आपल्याला चावलं, ते तोंड आता रिकामं आहे आणि त्यात घास घालायचा तो आपण. ज्यानं खोक्यावर चढवलं, त्याला खुर्चीतून उठवायचं-बसवायचं ते आपण. असा बाप मिळाला तर कोण सोडेल? आणि त्याच बापाला दात करून द्यायचे, तेही स्वतःच्या हातानं. मामाला वडील हवे होते, त्यांचा आवाज नको होता. हे मी त्याला एकदा बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "तुझं प्लॅस्टर सुकलंय, बघ."

मामा त्या दोन बिजागऱ्या पुढ्यात घेऊन बसला तेव्हा मी शेजारच्या बाकावर होतो. आधी त्यानं 'शिंपी' घेतली. टाळूवरून बोट फिरवलं. बोट मध्येच थबकलं. त्यानं बिजागरी उलटी केली, बुडाचं नाव वाचलं, पुन्हा सरळ केली. मग मेणाची सुरी स्पिरिटच्या दिव्यावर धरली आणि दात लावायला घेतले. थोड्या वेळानं तो गुणगुणायला लागला. काम मनासारखं होत असेल तेव्हाच मामा गुणगुणतो, आणि तेही मुखपट्टीच्या आत.

मग त्यानं 'आबा' घेतली. गुणगुणणं बंद. एक दाढ लावली, काढली, पुन्हा लावली. मेण वितळवलं, बोटानं दाबलं, दुरून बघितलं, मान हलवली.

"झाली का?" मी विचारलं.

"असू दे," मामा म्हणाला.

दवाखान्यात त्या दिवशी दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसले होते. मामा सहसा तिथे जायचा नाही, पण आजोबांना धरून आणायचं म्हणून आला आणि दाराशी उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी आधी शिंपीकाकांना खुर्चीत घेतलं.

"आ करा. अजून थोडा. हं, मिटा आता."

"बिटत दाही," शिंपीकाका म्हणाले. त्यांनी मेणाची कवळी हातात काढून घेतली आणि उलटसुलट करून बघितली. "बाई, हे माझं तोंड नाही."

"असं कसं होईल, काका?"

"अहो, दुसऱ्याचा सदरा अंगात घातला की कळतं की नाही? हे खांद्यातच बसत नाही."

बाईंनी दोन-तीनदा खटपट करून बघितली. मग म्हणाल्या, बरं, आजोबांची बघू. आजोबांच्या तोंडात 'आबा' घातली. ती तर आतच जाईना. याचं मात्र कोणाला नवल वाटलं नाही. आजोबांनी सवयीनं जिभेकडे बोट दाखवलं.

बाई दोन्ही कवळ्या दोन हातांत धरून बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या चित्रातल्या दाढेचं निरीक्षण करत होतो.

"जबड्यांवर नावं कोणी लिहिली?"

"मी," मी म्हणालो. "दोनदा."

त्यांनी कवळ्यांची अदलाबदल केली. 'शिंपी' धुऊन पुसून आजोबांच्या तोंडात घातली. खट्कन बसली. आजोबांचे गाल भरले, ओठ बाहेर आले, आणि मी कधीच न पाहिलेला एक माणूस खुर्चीत बसलेला दिसला. त्यांची जीभ आतून फिरत होती. नव्या घरात भाडेकरू प्रत्येक खोली उघडून बघतो, तसं चाललं होतं.

"आजोबा, काहीतरी बोला," बाई म्हणाल्या. "एकपासून आकडे म्हणा."

आजोबांनी आकडे म्हटले नाहीत. ते म्हणाले, "मला चहा नको होता."

आवाज असा मोठा होता की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

"काय?" बाई म्हणाल्या.

"सहा महिने हा मला चहा पाजतोय! मी म्हणतोय, खिडकीतली ती कुंडी हलव, रस्ता दिसत नाही. हा चहा आणतो! मी म्हणतो, अरे कुंडी, कुंडी! हा आणखी एक कप आणतो!" मग त्यांनी मान वळवली. "आणि वर म्हणतो, साखर कमी!"

शिंपीकाका मनापासून हसले. मीही हसलो असतो. पण मी मामाकडे बघितलं. तो भिंतीला पाठ टेकून उभा होता आणि पायांकडे बघत होता.

उरली ती कवळी, जिच्यावर 'आबा' लिहिलं होतं, ती शिंपीकाकांच्या तोंडात गेली. माप त्यांचंच होतं, त्यामुळे बसली.

"बसली की!" बाई म्हणाल्या.

"बशली," काका म्हणाले. "पण जीभ कुठं थेवू?"

"नेहमी ठेवता तिथेच ठेवा."

"तिथं जागा दाही. दोन्हीकडूद भिंती आल्यात."

बाईंनी आरसा घालून बघितलं. बराच वेळ बघितलं. "भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत आल्यात. जिभेला वावच राहिलेला नाही." मग त्यांना काहीतरी लक्षात आलं असावं, कारण पुढचं त्या बोलल्या नाहीत. आजोबांच्या त्या चारही कवळ्या त्यांनी तपासल्या होत्या. आजोबा चार वेळा जीभच दाखवत होते.

"हं," मामा म्हणाला.

आजोबांची कवळी होती तशीच पक्की करा आणि शिंपीकाकांची पुन्हा लावा, असं ठरलं. आजोबांना घरी सोडून आम्ही दुपारी कामावर बसलो. मामानं आजोबांची मेणाची कवळी पुढ्यात घेतली. ती आता फक्त प्लॅस्टरमध्ये दाबून पक्की करायची होती, दातांना हात लावायचं काम उरलं नव्हतं. पण त्यानं दिवा पेटवला आणि सुरी तापवायला धरली.

"मामा, ती तशीच ठेवायचीय."

"हं."

"मग सुरी कशाला?"

त्यानं सुरीचं टोक खालच्या दाढेपाशी नेलं. मेण नुसतं ऊन लागल्यावरही सैल होतं. ती दाढ तसूभर आत ढकलली असती तर पक्क्या कवळीत ते कोणाला कळलंही नसतं. बसली नाही, एवढंच सगळे म्हणाले असते, आणि रविवारी आई आजोबांना घेऊन गेली असती.

मला राहवेना. "मामा, तुला खरंच कळलं नव्हतं? आजोबांच्या टाळूवर मध्ये गाठ आहे. माझ्याही लक्षात यायला हवी होती. तू तर आंधळ्यासारखा बोटांनी वाचतोस."

मामानं मुखपट्टी खाली ओढली. बोटभर नाही, पार गळ्यापर्यंत.

"बोट फिरवलं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"वर शिंपी लिहिलं होतं." त्यानं सुरी खाली ठेवली. "शिंप्याचं मला काही नाही. तो बोलला तर बोलू दे."

"आणि दुसरी? ती आजोबांची नाही हेही कळलं असणार."

"हो."

"तरी त्या बिचाऱ्याच्या दाढा आत ढकलल्यास?"

"मी कुठे ढकलल्या?" मामा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. "आबा लिहिलेलं होतं. हात आपोआप तिकडे गेले."

यावर सरांनी काय म्हटलं असतं, कोण जाणे. परीक्षेत मी या प्रश्नाला दोन पानं लिहिली होती आणि चांगले मार्क पडले होते.

"मघाशी ते बोलले ना," मामा म्हणाला, "तेव्हा मला पायाखाली लाकूड लागलं. फळ्या. मधली एक फळी हलत होती त्या खोक्याची." सुरी थंड झाली होती, त्यानं ती पुन्हा दिव्यावर धरली. "ही बसली नाही तर ताई त्यांना नेईल. मग मी इथे काय करू? आणि बसली तर ते बोलतील."

"बोलले तर बोलू दे की."

"मला उत्तर द्यावं लागेल."

मी माझं प्लॅस्टर कालवायला घेतलं, कारण बघत बसणं बरं दिसेना. मग सुरी मेणावरून फिरल्याचा चर्र आवाज आला. मी वळून बघितलं. त्यानं दाढेला हात लावला नव्हता. बाहेरच्या कडेला मेण जरा खडबडीत होतं, तेवढं गुळगुळीत केलं होतं. नंतर त्यानं दिवा विझवला आणि मला न सांगता प्लॅस्टर स्वतःच ओतलं.

रविवारी आई आली तेव्हा आजोबा सफरचंद खात होते. कापून नाही, आख्खं. कडाकडा. सकाळपासून त्यांचं तोंड चालूच होतं: कुंडी, पंखा, शेजाऱ्यांचा रेडिओ, माझे केस, सरकार. आई पिशवी हातात धरून दारातच उभी राहिली आणि हसायला लागली.

"बसली की रे बाळ! मी उगाच आले. राहा आबा इथेच आता."

मामा हसला. त्याचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले.

"मी तुझ्याबरोबर येतोय," आजोबा म्हणाले.

"अहो, आता कशाला?"

"इथे बोलायला कोण आहे? हा मुक्या. आणि हा बीए, हा नुसता ऐकतो. तुझ्याकडे खाली बाक आहे. चार म्हातारे असतात. मी सहा महिने हेच सांगत होतो, आणि त्याचाही चहाच येत होता."

मामाचं हसू गेलं. मला वाटलं, आता 'असू दे' येणार.

"आबा, मी मुका नाही," मामा म्हणाला.

"मग बोल की."

"तुम्ही मला खोक्यावर उभं केलं होतंत. लिलावात."

आईनं पिशवी खाली ठेवली. आजोबा चावत राहिले. "कधी?"

"मी लहान होतो. टोमॅटोची गाडी आली आणि तुम्ही गेलात."

"असेल," आजोबा म्हणाले. "बाजारात मी काय काय विकलं, सगळं कुठे लक्षात राहणार?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, तिथे काहीच हललं नाही.

"विकलं नाहीत!" मामा ओरडला. "कोणी घेतलंच नाही! आणि तरी सहा महिने मी बटाटे कुस्करले! मी भरवलं! आणि त्या चार कवळ्या आहेत ना डब्यात, त्या बसत नव्हत्या असं नाही, मी बिघडवल्या! तुम्ही बोलू नये म्हणून!"

शेजारचा रेडिओ बंद झाला. आई म्हणाली, "बाळ, काय बोलतोयस तू?" मामा मागे सरला नाही.

आजोबांचं चावणं थांबलं. त्यांनी कवळी काढली, हातात धरून उजेडात बघितली, पुन्हा घातली.

"ही पण बिघडवणार होतास?"

"हो."

"मग?"

"नाही बिघडवली."

"का?"

"माहीत नाही."

आजोबांनी सफरचंदाचा उरलेला भाग बशीत ठेवला. "आवाज आहे की तुला," ते म्हणाले. "इतकी वर्षं कुठे ठेवला होतास?"

माफी वगैरे कोणी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. थोड्या वेळानं आईनं विचारलं, जेवायला काय आहे. जेवताना आजोबा म्हणाले की ते तरीही जाणार, बाकासाठी. मामा म्हणाला, "जा. पण कवळी रोज धुवायची. झोपताना पाण्यात ठेवायची."

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवणार."

"बघ ग, हा मला शिकवणार!" आजोबा आईला म्हणाले, पण कवळी ठेवायची डबी त्यांनी पिशवीत घातली.

ते गेल्यावर मामा दोन दिवस घरात फिरत राहिला आणि उगाच बटाटे उकडून ठेवत राहिला. ते मी खाल्ले. मग त्याचं काम पुन्हा सुरू झालं. शिंपीकाकांच्या दाढा त्यानं नव्यानं लावल्या. आता काका इतके बोलतात की त्यांच्या दुकानासमोरून जायचं असलं तर मी दुसऱ्या गल्लीनं जातो. कवळी तोंडात घालून बघायच्या वेळी मामा हल्ली स्वतः दवाखान्यात जातो. मुखपट्टी खिशात ठेवतो आणि म्हाताऱ्यांना सांगतो, "बोला. काहीही बोला. शिव्या दिल्यात तरी चालेल." मानसशास्त्राच्या पुस्तकात याला प्रगती म्हणतील. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "तुला दुसरं काम नाही का?" त्यानं उलट उत्तर दिलं, म्हणजे पुस्तक बरोबर असावं.

आजोबांचा फोन दर दोन-तीन दिवसांनी येतो. मामा तो कानापासून वीतभर लांब धरतो, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येतं. दोघे भांडतात. बाकावरच्या म्हाताऱ्यांपैकी तिघांना मामाच्या हातची कवळी हवीय, असं आजोबांनी परस्पर ठरवून टाकलंय, त्यावरून भांडतात. पाऊस पडतोय की नाही, यावरूनही.

डावीकडच्या दाढेचं एक टोक आजोबांना गालात टोचतं. पक्क्या कवळीत असं होतं, कानस घेऊन जरासं घासलं की झालं. मामानं पहिल्याच फोनवर कबूल केलं होतं, "येतो, घासून देतो." त्यानंतर बरेच रविवार गेले.

"टोचतंय अजून," परवा फोनमधून आवाज आला.

"येतो म्हटलं ना, आबा."

"कधी? मी मेल्यावर?"

"तोवर उजवीकडून चावा."

मी म्हटलं, मामा, मी जातो, दोन मिनिटांचं तर काम आहे, आईलाही भेटून येईन. मामानं फोनवर हात ठेवला.

"तू त्या दाढेला हात लावायचा नाहीस," तो म्हणाला.

कानस त्यानं फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलीय. पिशवी दाराजवळच्या खुंटीला आहे.